गोळी थांबवून नव्या उपचाराची वाट पाहावी का?

वाचकाचे पत्र

माझी मुलगी १४ वर्षांची आहे. ती लहान असतानाच तिला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असल्याचे कळले. तिचा रिपोर्ट एसएस आहे, म्हणजे आम्हा दोघांकडूनही तिला सिकलचे जनुक आले. आम्ही दोघे नवराबायको एएस आणि १० वर्षांचा धाकटा मुलगाही एएस, म्हणजे एकच सिकल जनुक असलेले वाहक. मुलीला गेली काही वर्षे हायड्रॉक्सीयुरिया चालू आहे. पूर्वी दुखण्याचे झटके वरचेवर यायचे. आता कमी झालेत, पण थांबलेले नाहीत. जनुक बदलून सिकलसेल कायमचा बरा होतो, अशा बातम्या हल्ली घरात सगळेच वाचतात. माझे दीर म्हणतात, ‘ते कॅन्सरचे औषध आहे, बंद करा. नव्या उपचारासाठी पैसे जमवा आणि तोवर थांबा.’ एका दवाखान्याने तर स्टेम सेलचे इंजेक्शन देऊन बरे करतो असे सांगितले आहे. मुलगी मोबाइलवर सगळे वाचते. परवा तिने विचारले, ‘आई, मी बरी होणार ना?’ मला उत्तर देता आले नाही. आम्ही काय करावे?

– एक आई

ताई,

हायड्रॉक्सीयुरिया बंद करू नका. बाकीचे उत्तर सावकाश वाचले तरी चालेल, एवढे मात्र आजच घरात सांगा.

तुमच्या दिरांचे म्हणणे अगदीच निराधार नाही, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवे. हे औषध रक्ताच्या काही कर्करोगांत खरोखरच वापरतात. सिकलसेलमध्ये ते वेगळ्या कामासाठी देतात. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत हे औषध घेणाऱ्या प्रौढ रुग्णांचे वेदनेचे झटके जवळजवळ निम्म्यावर आले. पुढे लहान मुलांमध्येही त्याचा उपयोग दिसला. वर्षानुवर्षे ते घेणाऱ्या सिकलसेल रुग्णांमध्ये त्यामुळे कर्करोग वाढल्याचे आढळलेले नाही. पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून ठरावीक दिवसांनी रक्त तपासावे लागते आणि डोस डॉक्टरांनीच ठरवावा लागतो. पुढे कधी तिने बाळाचा विचार केला, तर त्याआधी हे औषध थांबवण्याबद्दल बोलावे लागेल. आज तो प्रश्न नाही. झटके कमी झाल्याचे तुम्हीच लिहिले आहे. औषध काम करते आहे, हे त्याचेच लक्षण.

ते नेमके काय करते, हे समजून घेतले तर बातम्यांमधला नवा उपचारही समजेल, कारण दोन्ही एकाच वाटेने जातात.

आपल्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असते. सिकलसेलमध्ये त्याच्या एका साखळीतला सहावा अमिनो आम्लाचा मणी बदललेला असतो. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. बदल एवढाच. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णांचे हिमोग्लोबिनच वेगळे असते हे दाखवले आणि १९५७ साली व्हर्नन इन्ग्रम यांनी नेमका कोणता मणी बदलला ते शोधले. एखाद्या आजाराचे मूळ एका रेणूपर्यंत नेऊन पोहोचवण्याची ती पहिली वेळ होती. ऑक्सिजन सोडून दिला की हे बदललेले रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे लांब ताठर धागे बनतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की झटका येतो. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही पेशी १० ते २० दिवसांत मोडते. तुमच्या मुलीचा थकवा आणि फिकटपणा त्यातूनच येतो.

आता एक गोष्ट बघा. तुमच्या मुलीला हा आजार जन्मापासून आहे, तरी पहिले काही महिने तिला त्रास झाला नसणार. सगळ्याच सिकलसेल बाळांचे असे असते. १९४८ साली जॅनेट वॉटसन या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांच्या हे नजरेस आले की नवजात बाळांच्या रक्तात वाकलेल्या पेशी फारच कमी असतात. कारण पोटात असताना बाळाचे हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचे असते. त्याला फीटल हिमोग्लोबिन म्हणतात. ते त्या धाग्यांत सामील होत नाही, उलट धागे बनण्यात अडथळा आणते. जन्मानंतर काही महिन्यांत शरीर ते बनवणे जवळपास थांबवते, मोठ्यांचे हिमोग्लोबिन सुरू होते आणि आजार डोके वर काढतो. काही थोड्या माणसांत फीटल हिमोग्लोबिन आयुष्यभर भरपूर राहते. त्यांना सिकलसेल असला तरी तो सौम्य असतो.

म्हणजे मुलीच्या पेशींमध्ये चांगले हिमोग्लोबिन बनवण्याची कृती शाबूत आहे, फक्त ती बंद करून ठेवलेली आहे. हायड्रॉक्सीयुरिया ती थोडीशी उघडते. बातम्यांमधला उपचार ती बराच जास्त उघडतो.

बंद कोण करते, हे कळायला साठ वर्षे लागली. २००८ साली स्टुअर्ट ऑर्किन आणि विजय शंकरन यांच्या गटाने दाखवले की बीसीएल११ए नावाचे प्रथिन फीटल हिमोग्लोबिनच्या जनुकाला गप्प बसवते. मग ते प्रथिनच काढून टाकावे, असे कुणालाही वाटेल. पण तसे करता येत नाही, कारण मेंदूच्या वाढीत आणि रोगप्रतिकारक पेशींमध्ये त्याला महत्त्वाची कामे आहेत. २०१३ साली वाट सापडली. या जनुकाच्या पोटातच डीएनएचा एक छोटा तुकडा आहे, जो हे जनुक फक्त तांबड्या पेशी तयार होताना जोराने चालवतो. तेवढाच तुकडा मोडला तर तांबड्या पेशींमध्ये बीसीएल११ए कमी होते आणि बाकी शरीरात त्याचे काम चालू राहते. मला या सगळ्या संशोधनातला हा सर्वांत सुंदर भाग वाटतो. कात्री मिळाली म्हणून उपचार सापडला, असे बातम्यांतून वाटते. खरे पाहता कात्री कुठे लावायची, हे शोधण्यातच अनेकांची उमेदीची वर्षे गेली.

ही डीएनए कापणारी कात्री म्हणजे क्रिस्पर. जिवाणू विषाणूंशी लढताना वापरतात ती यंत्रणा हव्या त्या डीएनएवर चालवता येते, हे २०१२ साली इमॅन्युएल शार्पांतिए आणि जेनिफर डाउडना यांनी दाखवले. त्यासाठी त्यांना २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. या कात्रीने बीसीएल११एचा तोच तुकडा मोडणारा सिकलसेलचा पहिला उपचार, कॅसजेव्ही, नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने १२ वर्षांपुढच्या रुग्णांसाठी मंजूर केला. अमेरिकेच्या मंजुरीच्या वेळी ज्या ३१ रुग्णांचा पाठपुरावा पुरेसा झाला होता, त्यांतल्या २९ जणांना सलग किमान १२ महिने एकही गंभीर झटका आला नव्हता. त्याआधी हेच लोक पुन्हा पुन्हा रुग्णालयात भरती होत होते. त्यामुळे बातमी खरी आहे, ताई. तुमच्या घरात जी आशा जागी झाली आहे, ती खुळी नाही.

मात्र बातमीत सहसा दोन ओळींत उरकलेला भाग तुम्हाला आईच्या नजरेने वाचावा लागेल. आधी औषध देऊन अस्थिमज्जेतल्या, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजातल्या, रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी (स्टेम सेल) रक्तात उतरवतात आणि यंत्राने वेगळ्या काढतात. पुरेशा पेशी मिळेपर्यंत हे बऱ्याचदा एकाहून अधिक वेळा करावे लागते. त्या पेशी प्रयोगशाळेत पाठवून त्यांच्यात बदल करतात आणि कसून तपासतात. यात काही महिने जातात. नंतर रुग्णाला बुसल्फान नावाची जबर केमोथेरपी देतात, कारण मज्जेतल्या जुन्या पेशी हटवल्याशिवाय नव्यांना जागा मिळत नाही. तोंड सोलते, केस जातात, काही आठवडे प्रतिकारशक्ती जवळजवळ नसते आणि तोवर रुग्णालयातच राहावे लागते. बुसल्फानमुळे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. १४ वर्षांच्या मुलीच्या बाबतीत हा प्रश्न शेवटी आठवून चालत नाही. अंडाशयातला भाग किंवा बीजांडे आधी जपून ठेवता येतील का, हे उपचार ठरण्यापूर्वीच विचारायचे असते. शिवाय खर्च प्रचंड आहे आणि असा उपचार करू शकणारी केंद्रे मोजकीच आहेत.

आणखी दोन गोष्टी घरात स्पष्ट असू द्या. या उपचाराने सिकलचे जनुक जात नाही, फीटल हिमोग्लोबिन वाढते. उपचारानंतरही तपासणीत सिकल हिमोग्लोबिन दिसणारच. बदल फक्त रक्ताच्या मूळ पेशींत होतो, बीजांडांत नाही. म्हणून पुढे तिला मूल झाले तर सिकलचे एक जनुक त्याच्याकडे जाईलच. तिच्या जोडीदाराची तपासणी तेव्हाही तितकीच गरजेची राहील.

तुमचे दीर ‘थांबा’ म्हणतात, त्याबद्दल माझे मत ठाम आहे. असा कोणताही मोठा उपचार देण्यापूर्वी डॉक्टर मुलीचे हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंडे, यकृत आणि मेंदू तपासतील. अवयव खराब झालेले असतील तर केमोथेरपी झेपणार नाही म्हणून नकार मिळू शकतो. सिकलसेल हे अवयव हळूहळू खराब करतो, दोन झटक्यांच्या मधल्या शांत दिवसांतसुद्धा. औषध थांबवून वाट पाहिली तर उपचार दारात येईल तेव्हा मुलगी कदाचित त्यासाठी पात्रच नसेल. रोजची हायड्रॉक्सीयुरिया ही त्या उद्याच्या उपचाराची पूर्वतयारी आहे. दिरांना हे याच शब्दांत सांगा. पुतणीवर माया आहे म्हणूनच ते बोलत आहेत, त्यांना पटेल.

स्टेम सेलच्या इंजेक्शनला सरळ नकार द्या. मज्जेतल्या जुन्या पेशी न हटवता, शिरेतून कुठल्या तरी ‘मूळ पेशी’ सोडून सिकलसेल बरा होत नाही. कोणाच्या पेशी, कुठे तयार केलेल्या, त्या मज्जेत कशा रुजणार, बरे झाल्याचे कोणत्या रक्ततपासणीने दाखवणार, हे प्रश्न विचारा आणि उत्तरे लेखी मागा. खऱ्या वैद्यकीय चाचणीची सरकारी नोंदणी असते, नैतिकता समितीची परवानगी असते, धोके लिहिलेले संमतीपत्र घरी नेऊन वाचायला देतात आणि प्रायोगिक उपचारासाठी रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. यातली एक जरी गोष्ट कमी असेल तर तिथून उठून या.

आता अशी एक गोष्ट, जी तुमच्या पत्रात आहे पण तिच्याकडे कुणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. तुमचा धाकटा मुलगा.

सिकलसेल बरा करणारा एक उपचार क्रिस्परच्या कितीतरी आधीपासून आहे. १९८४ साली रक्ताचा कर्करोग आणि सिकलसेल असे दोन्ही असलेल्या एका लहान मुलीवर कर्करोगासाठी अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले आणि तिचा सिकलसेलही गेला. तेव्हापासून जुळणाऱ्या भावंडाची मज्जा देऊन अनेक मुले बरी झाली आहेत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या १,००० रुग्णांच्या पाहणीत ५ वर्षांनंतर ९० टक्क्यांहून अधिक रुग्ण जिवंत होते आणि आजारातून मुक्त होते. वय जितके कमी तितका निकाल चांगला, हेही त्यात दिसले. सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. भाऊ एएस असला तरी दाता होऊ शकतो, त्याला अडचण नाही. त्यासाठी दोन्ही मुलांची एचएलए तपासणी, म्हणजे मज्जा जुळते का ते पाहणारी तपासणी, करावी लागते. या तपासणीला रक्त किंवा गालाच्या आतून घेतलेला नमुना पुरतो.

म्हणजे लगेच प्रत्यारोपण करा, असे मी म्हणत नाही. यातही केमोथेरपी आहे, मूल होण्याचा प्रश्न आहे, आणि दात्याच्या पेशींनी रुग्णाच्याच शरीरावर हल्ला करण्याचा धोका आहे. तो धोका स्वतःच्या पेशी बदलून परत देण्यात नसतो. झटके औषधाने आटोक्यात असतील तर बरेच डॉक्टर घाई करणार नाहीत. पण भाऊ जुळतो की नाही हे माहीत असणे आणि नसणे यात फार फरक आहे. जुळला, तर तुमचा विचार आजच्या आणि सिद्ध झालेल्या पर्यायाभोवती होईल. नाही जुळला, तर जनुकीय उपचाराकडे तुम्ही गंभीरपणे पाहाल. धाकट्यालाही त्याला समजेल अशा भाषेत सगळे सांगा. त्याच्या मनात भीती असेल तर ती ऐकून घ्या. नाही जुळला तर ती त्याची चूक नाही, हे तपासणीआधीच त्याला सांगून ठेवा.

इंजेक्शन देऊन थेट शरीरातच जनुक दुरुस्त झाले, ही बातमीही तुमच्यापर्यंत आली असेल. मे २०२५ मध्ये जाहीर झालेली ती घटना खरी आहे. रक्तात अमोनिया साचणारा एक अतिदुर्मीळ आजार असलेल्या बाळासाठी फक्त त्याच्याच जनुकातली चूक सुधारणारे औषध सुमारे सहा महिन्यांत तयार केले गेले आणि ते शिरेतून दिले गेले. केमोथेरपी नाही, पेशी बाहेर काढणे नाही. बाळाला अधिक प्रथिने पचू लागली, औषधे कमी झाली. तरीही पुढे बराच काळ त्याच्यावर लक्ष ठेवावे लागणार आहे. पण ते औषध यकृतात जायचे होते. चरबीच्या सूक्ष्म थेंबांत भरलेले औषध यकृत आपणहून मोठ्या प्रमाणात ओढून घेते. अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी संख्येने फार कमी आणि हाडांच्या आत दडलेल्या, तिथे पुरेसे औषध पोहोचवणे अजून अवघड आहे. जगभर त्यावर काम चालू आहे. सिकलसेलसाठी तसे इंजेक्शन आज उपलब्ध नाही, आणि त्याच्या भरवशावर आजचा कोणताही निर्णय पुढे ढकलू नका.

नव्या औषधांच्या बाबतीत थोडा संयम का ठेवायचा, याचेही एक उदाहरण सांगतो. व्हॉक्सेलोटर नावाची सिकलसेलची गोळी २०१९ साली मोठ्या अपेक्षेने मंजूर झाली. तिने हिमोग्लोबिन वाढायचेही. सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने ती जगभरातून मागे घेतली, कारण जमा होत गेलेल्या माहितीत झटके आणि मृत्यू यांचे चित्र काळजी वाटावी असे होते. तपासणीतला एक आकडा सुधारणे आणि माणूस बरा होणे या वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून कुठलीही नवी बातमी वाचताना एवढेच शोधा: किती माणसांना दिले, किती वर्षे पाहिले, आणि झटके, रुग्णालयातली भरती, मृत्यू यांचे काय झाले. बातमी उंदरांवरच्या प्रयोगाची असेल तर आनंद माना, पण मुलीच्या उपचारात तिच्यामुळे काही बदलू नका.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारायच्या गोष्टी लिहून न्या. हायड्रॉक्सीयुरियाचा डोस वजनाप्रमाणे वाढवला आहे का? मुलगी वाढीच्या वयात आहे, डोस मागे पडलेला असू शकतो, आणि झटके अजून येण्याचे ते एक कारण असू शकते. फीटल हिमोग्लोबिन किती टक्के आहे? मेंदूच्या रक्तवाहिन्यांची ट्रान्सक्रॅनियल डॉपलर तपासणी यंदा झाली का? २ ते १६ वर्षे वयात ती दरवर्षी करायची असते आणि पक्षाघाताचा धोका आधीच ओळखता आल्याने अनेक मुले वाचली आहेत. डोळे, लघवीतले प्रथिन, लसीकरण यांचेही विचारा. ताप, छातीत दुखून दम लागणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे किंवा बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही झाले तर घरी वाट न पाहता थेट रुग्णालयात न्यायचे, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या. मुलीलाही.

राहिला तिचा प्रश्न. १४ वर्षांच्या मुलीला ‘हो, नक्की’ म्हणू नका आणि ‘बघू’ म्हणून विषयही टाळू नका. ती वाचते आहे, तिला अर्धवट उत्तर लगेच ओळखू येईल. तिला सांगा की या आजारातून बरी झालेली माणसे आज जगात आहेत, बरे होण्याचे रस्ते एकाहून अधिक आहेत आणि त्यांतला तिच्यासाठी कोणता, हे तुम्ही सगळे मिळून शोधणार आहात. नेमके केव्हा, ते अजून ठाऊक नाही, हेही सांगा. बाळपणी तिला सांभाळणाऱ्या हिमोग्लोबिनची गोष्ट सांगा. रोजची कॅप्सूल ते परत आणायचा प्रयत्न करते हे कळल्यावर ती घेण्यामागचे कारण तिचे स्वतःचे होईल. या वयात मुले औषध चुकवू लागतात, आणि बहुतेक वेळा त्यामागे कंटाळा आणि ‘मीच का’ हा राग असतो. तो राग तिला बोलून दाखवू द्या, समजूत घालायची घाई करू नका. डॉक्टरांच्या खोलीत तिला शेजारी बसवा आणि वर लिहिलेल्या प्रश्नांपैकी निदान दोन तिलाच विचारू द्या. मूल होण्याविषयीचा प्रश्न निघेल तेव्हा ती हजर असायला हवी. आधी घरी तुम्ही तिच्याशी एकट्याने बोला, म्हणजे तिथे अनोळखी माणसाच्या तोंडून तिला तो पहिल्यांदा ऐकावा लागणार नाही.